गाठीच्या तापाची धास्ती : मुंबई आणि पुणे, १८९६–९८

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागातील धान्याच्या वखारींत मेलेले उंदीर सापडू लागले. मांडवी गोदीला लागून. खाली वखारी आणि वर तीन-चार मजली चाळी, अशी तिथली वस्ती. धान्याच्या पोत्यांत उंदीर नेहमीचेच, त्यामुळे मेलेल्या उंदरांची फार दखल कोणी घेतली नाही. थोड्याच दिवसांत त्याच चाळींत माणसे आजारी पडू लागली. हुडहुडी भरून सडकून ताप येई, डोळे लाल होत, रोगी बरळू लागे, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ उठे. गाठ आली की चार-पाच दिवसांत बहुतेक निकाल लागत असे, आणि निम्म्याहून अधिक रोगी दगावत.

डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. मांडवीत त्यांचा दवाखाना होता आणि ते मुंबई महापालिकेचे सभासदही होते. अशा रोग्यांना तपासताना हा साधा हिवताप नाही हे त्यांच्या लक्षात आले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ही गोष्ट मांडली : शहरात ग्रंथिक प्लेग शिरला आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये याच रोगाने थैमान घातले होते. तिथे अलेक्झांद्र येर्सिन आणि शिबासाबुरो किटासाटो या दोघा शास्त्रज्ञांनी त्याच्या जंतूचा शोध लावला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यात जहाजांची सतत ये-जा असे. तरीही व्हिएगस यांचे निदान पहिल्यांदा कोणालाच नको होते. आरोग्य अधिकाऱ्यांच्या सुरुवातीच्या बोलण्यात ‘संशयास्पद प्रकारचा ताप’ एवढाच उल्लेख असे. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापसाचा आणि इतर मालाचा व्यापार बसणार, ही व्यापाऱ्यांची आणि सरकारची पहिली काळजी होती. पुढे तपासणीत जंतू सापडले आणि व्हिएगस बरोबर ठरले. मधल्या काळात शहरात कुजबुज सुरू झाली होती आणि सरकार काहीतरी दडवत आहे, हा ग्रह पहिल्या पंधरवड्यातच पक्का झाला. पुढच्या दोन वर्षांत जे घडले त्याची मुळे या ग्रहात आहेत.

महापालिकेने तातडीने काम सुरू केले, यात शंका नाही. पण रोग कसा पसरतो याची नेमकी माहिती तेव्हा कोणालाच नव्हती. जंतू ठाऊक होता. तो उंदरावरून माणसावर कसा येतो हे ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा आणि ओल यांतून रोग उपजतो, ही जुनी समजूत अजून जोरात होती. म्हणून सगळा भर धुण्या-पुसण्यावर राहिला. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांनी मोऱ्या आणि गटारे रोज धुतली जाऊ लागली. भिंतींना चुना फासला गेला, ओटे खणले गेले, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, रोग्यांची अंथरुणे-पांघरुणे रस्त्यात जाळली गेली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ही अक्षरे रंगवली जात. त्यांचा अर्थ न कळणाऱ्या भाडेकरूलाही एवढे समजे, की या अक्षरांमागून बेघर होणे येते. या सफाईमुळे बिळांतले उंदीर शेजारच्या चाळीत पळाले आणि रोग त्यांच्याबरोबर सरकला, असे आज म्हणता येते. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना ते दिसण्यासारखे नव्हते.

खरी ठिणगी ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने पडली. पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी काढलेल्या या आदेशाने, प्लेगचा संशय असलेल्या माणसाला त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीशिवाय रुग्णालयात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. त्या काळी रुग्णालय ही निराधारांनी मरायला जायची जागा समजली जाई. घरच्या माणसाने आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, त्याच्या तोंडात पाणी घालायचे, मेल्यावर त्याला आपल्या रीतीने अग्नी किंवा माती द्यायची, हा प्रत्येक जातीधर्मातला पहिला धर्म. रुग्णालयात परक्याच्या हातचे पाणी, परक्या पुरुषाने बाईच्या अंगाला लावलेला हात आणि मेल्यावर प्रेताची चिरफाड, या तिन्ही गोष्टींची लोकांना धास्ती होती. आणि जे आत गेले ते बहुतेक परतले नाहीत, हा तर डोळ्यांपुढचा अनुभव. रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत नेले जात, म्हणून ते दगावत. लोकांना दिसे ते इतकेच, की चालता-बोलता माणूस गाडीत घालून नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मरणाची बातमी आली.

या धास्तीतून अफवा उठल्या. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, ही एक. दुसरी अफवा राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याशी जोडलेली होती. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. ते आपणच फासले, असे पुढे पुण्यात प्लेग अधिकाऱ्याची हत्या करणारे दामोदर चापेकर यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिले. त्या अपमानाने संतापलेल्या राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत आणि ती काढण्यासाठीच माणसे रुग्णालयात नेली जातात, अशी बोलवा शहरभर झाली. अशा गोष्टी अडाण्यांच्या म्हणून सोडून देण्याची प्रथा अधिकाऱ्यांच्या अहवालांत पडली होती. पण अफवा कशाविषयी आहेत ते पाहिले तर त्यांत एक सुसंगती दिसते. आपला देह आपल्या ताब्यात राहिलेला नाही, तो सरकार आपल्या गरजेसाठी वापरणार आहे, हीच भीती प्रत्येक अफवेच्या मुळाशी होती. आणि ६ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यानंतर ती निराधार म्हणता येत नाही.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. रुग्णालयाची मोडतोड झाली, कर्मचाऱ्यांना मारहाण झाली. दुसऱ्याच दिवशी पालिकेने आदेश सैल केला : ज्याच्या घरी वेगळे ठेवण्याची सोय आहे आणि औषधोपचार होऊ शकतो, त्याला सक्तीने हलवायचे नाही. या माघारीमागे दंगलीची भीती होती, पण त्याहून मोठी भीती आयुक्तांच्या मनात होती. हलालखोर म्हणवले जाणारे सफाई कामगार शहर सोडून गेले, तर मैला उचलायला कोणी उरणार नाही आणि मुंबई आठवड्याभरात राहण्यालायक राहणार नाही, हे स्नो जाणून होते. ज्यांना शहराने सर्वांत खालची जागा दिली होती त्यांच्यावरच शहर उभे होते, हे त्या एका महिन्यात कागदोपत्री मान्य झाले.

तोवर लोक निघाले होते. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार ७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांतले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. व्यापारी गुजरात-काठियावाडला गेले. गिरण्यांत आणि गोदीत राबणारे रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतील आपल्या गावी निघाले. बोरीबंदरला गाड्यांसाठी झुंबड उडाली. कोकणात जाणाऱ्या आगबोटींच्या धक्क्यावर बोचकी, ट्रंका आणि पोरे घेऊन माणसे रात्र-रात्र बसून राहू लागली. ज्या गावी ती निघाली होती तिथेही सुख नव्हते. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. शहरात मरण आणि गावात उपासमार, यांतून निवड करायची वेळ लाखो कुटुंबांवर आली. त्यांतल्या बहुतेकांनी उपासमार पत्करली, यावरून शहरातल्या धास्तीचे माप काढता येते.

मागे राहिलेल्या कामगारांना मात्र काही महिने अभूतपूर्व भाव आला. गिरण्या चालू ठेवायला माणसे मिळेनात. महिनाअखेरचा पगार हातात पडेपर्यंत जिवंत राहू याची खात्री कोणाला नव्हती, म्हणून कामगार रोजच्या रोज पैसे मागू लागले आणि मालकांना ते द्यावे लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लावली जाई. जो मालक दोन पैसे जास्त देईल त्याच्याकडे टोळी वळे. गिरणीच्या इतिहासात कामगाराने भाव ठरवण्याचे असे प्रसंग विरळाच.

पळणाऱ्यांबरोबर रोगही निघाला. कपड्यांच्या बोचक्यांतून पिसवा गेल्या, धान्याच्या वॅगनींतून उंदीर गेले. कराची, पुणे, ठाणे, सुरत अशी नावे वाढत गेली. तेव्हा सरकारने रेल्वेप्रवाशांची तपासणी सुरू केली. कल्याणसारख्या स्थानकांवर गाडी थांबवून प्रवाशांना फलाटावर उतरवत आणि काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपून पाहत. ही तपासणी चारचौघांत होई आणि बायकांनाही त्यातून सूट नव्हती. ताप आहे असे वाटले तर माणसाला तिथल्या तिथे अडकवून ठेवत. बरोबरची माणसे पुढच्या गाडीने जात. उच्च वर्गाच्या डब्यातल्या प्रवाशाशी आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाशी होणाऱ्या वागणुकीतला फरक लोकांच्या नजरेतून सुटला नाही. क्वारंटाईन हा शब्द याच काळात कारंटीन होऊन मराठी घराघरांत पोचला.

युरोपला आपल्या बंदरांची काळजी होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थान सरकारवर दडपण आले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे बंद करण्यात आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला वाटेल ते नियम करण्याचा, प्रवाशांना तपासण्याचा व अडकवण्याचा अधिकार त्यात होता. या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असेही एक कलम होते. रोग्याच्या हक्काविषयी त्यात एक ओळही नव्हती. मुंबईत मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि पालिकेच्या हातून कारभार गेला. घरोघर शोध सुरू झाला. गेटेकर यांनी एक शहाणपण मात्र दाखवले : निरनिराळ्या जाती-जमातींना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली. आपल्या माणसांनी चालवलेल्या रुग्णालयात रोगी आपणहून येऊ लागले. उपचारांत फारसा फरक नव्हता; फरक होता तो सेवा करणाऱ्या हातांत.

पुण्याच्या वाट्याला असे शहाणपण आले नाही. मुंबईहून आलेल्या रोग्यांबरोबर १८९६ च्या ऑक्टोबरातच रोग पुण्यात पोचला होता. वर्ष संपता संपता शहरातच रोगी निघू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी साताऱ्याहून पुण्यात आले आणि विशेष प्लेग समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या समितीत डॉ. बेव्हरिज होते, हाँगकाँगमध्ये गोऱ्या सैनिकांकरवी घरे तपासण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तीच पद्धत पुण्यात आणायचे ठरले. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात आठशे-नऊशे सैनिक शहर तपासत होते.

शोध कसा होई हे पाहिल्याशिवाय पुणेकरांचा संताप समजत नाही. पहाटे पेठेचा एखादा भाग सैनिक घेरत. मग एकेक तुकडी घरात शिरे. दार बंद असेल तर ते फोडले जाई. सैनिक बूट घालून माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात जात. घरातल्या सगळ्यांना अंगणात किंवा रस्त्यावर उभे करत आणि गाठी तपासत. आजारी असेल तो संगमाजवळच्या रुग्णालयात जाई. घरातली बाकीची माणसे स्वारगेटच्या विलगीकरण छावणीत. मागे राहिलेल्या घराचे छप्पर उघडले जाई, जमीन खणली जाई, सामान रस्त्यात येई. त्यातले बरेचसे जाळले जाई आणि काही नाहीसेही होई. साध्या तापाच्या रोग्यांनाही प्लेगचे म्हणून नेल्याच्या तक्रारी होत्या. मदतीला स्थानिक गृहस्थ असावेत अशी नियमात सोय होती, पण प्रत्यक्षात सैनिकाला मराठी येत नव्हते आणि घरातल्या बाईला इंग्रजी. तक्रार करायची ती रँड यांच्याकडेच. आणि बहुतेक तक्रारींना ते दाद देत नसत.

याचा परिणाम रोग शोधण्याच्या कामावरच झाला. लोक रोगी लपवू लागले. तुकडी येण्याच्या आत आजाऱ्याला शेजारच्या, आधीच तपासून झालेल्या घरात हलवत. माळ्यावर, पेटाऱ्यामागे, गोठ्यात ठेवत. मेलेल्या माणसाला घरातच पुरल्याच्याही घटना घडल्या. सरकारच्या सक्तीने रोग्याची खबर मिळण्याचा एकमेव रस्ता, म्हणजे घरच्या माणसांचे तोंड, बंद करून टाकला. रँड यांचे खाजगी हेतू काय होते यावर अजून वाद होतो. त्यांची पद्धत फसली, यावर होऊ नये.

या धास्तीच्या दिवसांत ज्यांनी शहर सोडले नाही त्यांची नोंद आवश्यक आहे. लोकमान्य टिळक पुण्यात राहिले. पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ‘केसरी’तून कोरडे ओढले, स्वच्छता व विलगीकरण यांची गरज मान्य केली, आणि ते राबवण्याच्या रीतीवर सडेतोड टीका केली. हिंदूंसाठी एक प्लेग रुग्णालयही त्यांनी सुरू केले. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीला वाचा फोडली. सरकारने आरोप नाकारले, पण ब्राह्मण पुढारी आणि ख्रिस्ती झालेल्या रमाबाई एरवी कधी एका बाजूला नसत; या प्रश्नावर त्यांची तक्रार एकच होती.

सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या पुढे होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात, वस्तीपासून दूर मोकळ्या रानात, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. सावित्रीबाई वाड्या-वस्त्यांत जाऊन रोगी आणत. ज्याला हात लावायला नातेवाईकही धजत नव्हते अशा रोग्याला त्या उचलत. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गाठ आल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लष्करी शोध सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस होते. हातात कसलाही कायदा आणि पाठीशी एकही सैनिक नसताना, घरच्यांनी आपला रोगी विश्वासाने सोपवावा असे एक ठिकाण पुण्याजवळ चालू होते, ही गोष्ट रँड यांच्या समितीने पाहिली असती तर बरे झाले असते.

२२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव होता. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. प्लेग आणि दुष्काळ या दोन्हींनी पोळलेल्या शहराच्या वेशीवर आतषबाजी झाली. रात्री परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकर यांनी रँड यांच्या बग्गीवर चढून गोळी झाडली. मागच्या बग्गीतील लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर धाकटे बंधू बाळकृष्ण यांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावले, रँड ३ जुलैला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे खबर देणाऱ्या द्रविड बंधूंची हत्या झाली आणि मे १८९९ मध्ये तिसरे बंधू वासुदेव चापेकर, त्यांचे साथीदार महादेव रानडे व बाळकृष्ण चापेकर एकामागून एक फासावर गेले. एका घरातले तिघे भाऊ गेले.

हत्येनंतर सरकारचीही धास्ती उघडी पडली. पुण्यात जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर लादला गेला. तक्रारी मांडणाऱ्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत टाकण्यात आले. टिळकांवर ‘केसरी’तील लेखनासाठी राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी आणि तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष ठरवले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. गोपाळ कृष्ण गोखले हत्येच्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तिथे सांगितले होते. परत आल्यावर पत्रे लिहिणारे पुढे येईनात. पुरावा देता न आल्याने गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल स्वकीयांचाच रोष ओढवून घेतला. घाबरलेल्या शहरात साक्ष द्यायला कोणी उभे राहत नाही; गोखल्यांवर तुटून पडणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घेतली नाही.

१८९७ च्या उन्हाळ्यात साथ ओसरली आणि थंडीत पुन्हा आली, पहिल्याहून जोराने. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला न्यायला गेले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल आसपासच्या भागांत पसरली. काही युरोपियन मारले गेले. पाठोपाठ गोदीतले हमाल आणि गाडीवाले कामावरून उठले. आता सरकार नमले. सक्तीचे शोध, सक्तीने रुग्णालयात नेणे, प्रेत-तपासणी या गोष्टी हळूहळू सैल झाल्या. चौकशीसाठी नेमलेल्या प्लेग आयोगासमोरही हेच आले, की घरोघरच्या शोधांनी रोग आटोक्यात येण्यापेक्षा तो लपवला जाण्याचे काम जास्त झाले.

या सगळ्या काळात एक वेगळे काम एका लहान प्रयोगशाळेत चालू होते. कॉलऱ्याची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मोजक्या माणसांनिशी कामाला लागले. प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी लागणारे मांसाचे सूप त्यांनी गाय आणि डुक्कर टाळून बोकडाच्या मांसापासून केले. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना लटकून वाढत. कोणत्या देशात, कोणत्या लोकांना ही लस टोचायची आहे याचे भान त्यांच्या प्रयोगातच होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले.

लसीचीही लोकांना भीती होतीच. टोचल्यावर दंड सुजे, एक-दोन दिवस ताप येई. म्हणजे जो रोग टाळायचा त्याचीच लक्षणे. इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यानंतर त्यांच्या अनुयायांनी मोठ्या संख्येने लस घेतली. हुकूम आणि दंड यांनी जे झाले नव्हते ते एका विश्वासाच्या माणसाच्या उघड्या दंडाने झाले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल या गावी लसीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरून १९ माणसे मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्या घटनेने लसीवरचा विश्वास काही वर्षे मागे पडला.

रोगाचा खरा मार्गही मुंबई इलाख्यातच सापडला. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमॉन यांनी २ जून १८९८ रोजी कराचीत प्रयोग करून दाखवला, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग दुसऱ्या उंदराकडे नेते. त्यांच्यावर बरीच वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाने ही गोष्ट निर्विवाद झाली. म्हणजे सक्तीचा काळ संपून गेल्यावर ज्ञान आले.

खेड्यांनी मात्र या ज्ञानाची वाट पाहिली नव्हती. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे देशावरच्या गावांनी एक-दोन हंगामांच्या अनुभवातूनच ओळखले. घरांना कुलपे लागत. माणसे, गुरे आणि धान्य घेऊन गाव माळावर किंवा शेतात जाई. ताट्या, कडबा आणि पाचट यांच्या झोपड्या उभ्या राहत. शाळाही झाडाखाली भरे. दोन-अडीच महिन्यांनी, उन्हे तापल्यावर, घरे सारवून माणसे परत येत. सरकारच्या दृष्टीने हे सुरुवातीला घाबरट पळणे होते. पिसूचा शोध लागल्यावर कळले, की उंदीर असलेल्या घरापासून दूर जाणे हाच तेव्हा उपलब्ध असलेला सर्वांत खात्रीचा उपाय होता. आणि पुढच्या साथींत सरकारनेच गावे रिकामी करण्याला उत्तेजन दिले. लोकांच्या धास्तीत निरीक्षणही होते. ते ऐकून घेतले असते तर पुण्यातली दारे फोडावी लागली नसती.

साथ दोन हंगामांत संपली नाही. ती दर थंडीत येत राहिली आणि देशभर पसरली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसे मेली. १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७ लाख ७६ हजार ६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. पाडलेल्या चाळींतल्या गरिबांना तेवढी घरे मिळाली नाहीत आणि ते शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले. १९२० नंतर प्लेगचा जोर ओसरत गेला. तोवर देशातील बळींची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. ४ फेब्रुवारी १८९७ चा कायदा मात्र रद्द झाला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविड-१९ साठी जे नियम जारी केले, ते त्याच कायद्याखाली.